अहिराणीतला नवा गायक शोधायचा कसा, सुचवायचा कसा

यूट्यूबवर नुसतं 'अहिराणी गाणं' टाकलं की तीच गाजलेली लग्नाची गाणी पुन्हा पुन्हा समोर येतात. फिल्टरमध्ये 'या आठवड्यात' निवडा आणि शब्द बदलत राहा: अहिराणी, ऐराणी, खान्देशी, खानदेशी. रोमन लिपीत 'एच' घालून आणि गाळूनही बघा. पोरं बोलतात तसंच टाइप करतात.

वेळही सांभाळा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी गौराईची गाणी येतात, श्रावणात कानबाई या खान्देशच्या देवीची. ऐन सणाच्या दिवशी शोधलं तर मोठी चॅनलंच वर दिसतात, म्हणून पंधरा दिवस आधीच सुरुवात करा. नंदुरबारच्या आदिवासी भागातलं, धडगाव-अक्कलकुव्याकडचं ऐकायचं तर 'अहिराणी' शब्दाचा उपयोग नाही, तिथल्या बोली वेगळ्या. होळीच्या सुमारास टिमली, रोडाली, पावरी असे तिथल्या आदिवासी गाण्यांचे शब्द टाकून शोधा. टिमली गुजरात-मध्य प्रदेशातूनही भरपूर येते, तेव्हा गायकाचं गाव बघून घ्या.

खरा माल डिस्क्रिप्शनमध्ये असतो: गायक, गीत, संगीत, रेकॉर्डिंग. स्टुडिओचं नाव उचलून तेच सर्चमध्ये टाका. तिथे रेकॉर्ड करणारे आसपासच्या गावांतले आणखी गायक हाती लागतात. कोरसमधली नावंही सोडू नका.

सुचवण्याआधी अपलोड मूळ आहे का ते तपासा. 'डीजे मिक्स'वाले गायकाचं नाव सर्रास उडवतात. ध्रुवपदाची ओळ शोधून सगळ्यात जुन्या तारखेचा व्हिडिओ गाठा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल नको, लिंक पाठवा. फाइल हजार जणांनी पाहिली तरी चॅनलवर एक व्ह्यू वाढत नाही. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला यूट्यूबला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा हिशेब वेगळा). स्पॉटिफाय ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणं मोजतच नाही.

एका वेळी एकच गाणं, एकाच माणसाला. दहा लिंका एकदम टाकल्या की कुणी एकही उघडत नाही. सोबत एवढं पुरे: 'कानबाईनं गानं शे, १:१० पासून आयक.' बोली मात्र नीट सांगा. बहिणाबाई चौधरींच्या ओळींवरचं गाणं अहिराणी म्हणून यावल-रावेरकडच्या मित्राला पाठवलंत, तर गाणं राहील बाजूला. ती लेवा गणबोली, म्हणजे तिकडच्या लेवा पाटील समाजाची वेगळी बोली आहे, हे आधी ऐकून घ्यावं लागेल.