मॅनेजमेंटशी झालेला जुना वाद पुन्हा तपासायचा तर

नागपूरकडे, मोहननगरपासून कामठीपर्यंत, फुटबॉल खेळलेल्या मंडळींत बसलं की कुणाच्या तरी मनात एखाद्या सीझनचा राग अजून असतोच. ऐनवेळी टीममधून काढलं, प्रवासभत्ता बुडवला, दुसऱ्या क्लबकडे जायला वेळेत सोडलं नाही, सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. पुढे तोच खेळाडू पोरांना शिकवायला लागतो, एखाद्या टीमचा मॅनेजर होतो, आणि जुनी गोष्ट निराळी दिसू लागते. अशा वेळी "जाऊ द्या, माझंच चुकलं" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. "तेव्हाही मीच बरोबर होतो" हे धरून बसणंही तितकंच सोपं. हिशेब मात्र दोन्हीकडे अर्धाच राहतो.

आधी वही घ्या. त्या सीझनमधलं जे आठवतं ते तारखेच्या क्रमाने लिहा: कधी, कुठे, कोण हजर होतं, कोण काय म्हणालं. "त्यांना मी नकोच होतो" असली वाक्यं या पानांवर नकोत. तो निष्कर्ष झाला, घटना नव्हे. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आणि नंतर दुसऱ्याने सांगितलेलं वेगळं ठेवा, ऐकीव गोष्टीसमोर सरळ 'ऐकीव' असं लिहा. ड्रेसिंग रूममधले निम्मे वाद या ऐकीव वाक्यांवरच पोसले जातात.

मग तारखा पडताळा. टीमच्या ग्रुपवरचं जुनं चॅट एक्सपोर्ट करून घ्या. बँकेचं त्या काळाचं स्टेटमेंट मागवा. लोकमत, तरुण भारत किंवा हितवादच्या क्रीडा पानावर स्थानिक सामन्यांचे निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावं येतात. एखादं कात्रण हाती लागलं तरी सामन्याचा दिवस पक्का होतो. इथे हमखास दिसणारी गडबड म्हणजे दोन सीझनच्या घटना आठवणीत एकमेकांत मिसळलेल्या असतात. भत्ता एका वर्षी बुडालेला असतो आणि बाचाबाची पुढच्या वर्षीची असते, पण मनात दोन्हींची मिळून एकच गोष्ट झालेली असते.

पान भरलं की तक्रारी तीन ढिगांत टाका: पैसे, खेळायची संधी, अपमान. पैशाचा ढीग पहिला घ्या, कारण त्याला मुदत आहे. करारातून येणं असलेल्या रकमेसाठी भारतात 1963 च्या मुदत कायद्यानुसार दावा करायला साधारण 3 वर्षं मिळतात. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून लेखी कबुली दिली असेल तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते, म्हणून जुनी सहीची चिठ्ठीसुद्धा फेकू नका. परदेशी खेळाडू आणि क्लब यांच्यातल्यासारखे आंतरराष्ट्रीय वाद फिफाच्या फुटबॉल ट्रायब्युनलकडे जातात, तिथे मुदत 2 वर्षांची. व्यावसायिक खेळाडूंसाठी फिफाच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे: 2 महिन्यांचे पगार थकले, तर क्लबला लेखी कळवून 15 दिवस द्यायचे, तेवढ्यातही पैसे आले नाहीत तर करार मोडायला सबळ कारण मिळतं. आपल्याकडच्या बहुतेक जिल्हास्तरीय खेळाडूंच्या हातात करारच नसतो. तसं असेल आणि रक्कम छोटी असेल तर ती किती, हे वहीत लिहून ढीग बाजूला ठेवा. पुढच्या बोलण्यात ती मध्येच काढली की बाकी सगळं बारगळतं.

संधीच्या ढिगासाठी एक काम करा, आणि ते जरा वेळ देऊन करा. ज्या सामन्यात बसवलं म्हणून राग आहे, त्या दिवशीची टीमशीट स्वतः भरा. समजा 18 जणांची यादी आणि सामन्यात 3 बदलींची मुभा. म्हणजे मैदानात जास्तीत जास्त 14 जण उतरणार आणि किमान 4 जण पूर्ण सामना बसून राहणार, प्रशिक्षक कुणीही असो. बेंचवरच्या 7 जणांत एक गोलकीपर, आणि तो सहसा बदलला जात नाही. उरलेल्या 6 जणांत जागा 3. (5 बदलींची मुभा आधी 2020 मध्ये तात्पुरती आली आणि 2022 पासून नियमांत कायम झाली. त्याआधीचा वाद आजच्या बेंचच्या हिशेबाने मोजू नका.) आता त्या आठवड्यात कुणाला दुखापत होती, कार्डांमुळे कोण बाहेर होतं, सरावाला कोण नियमित येत होतं, हे जोडा. शेवटी स्वतःचं नाव कुठे येतं ते प्रामाणिकपणे बघा. बरेचदा नाव अकरात बसतं आणि राग पक्का ठरतो. कधी ते पंधराव्या जागेवर येतं.

प्रवासाच्या तक्रारीलाही हीच पद्धत. मुंबईला सामना, 18 खेळाडू आणि 2 पदाधिकारी, म्हणजे विदर्भ एक्सप्रेसची 20 तिकिटं. त्या काळी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं (नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं), आणि टीमची निवड व्हायची सामन्याच्या तोंडावर. मग यादीतले काही जण वेटिंगवर राहणारच. दोघांनी एका बर्थवर रात्र काढली, यामागे मॅनेजरचा आकस होता की तारखांचं गणित, हे असं उलगडतं. मात्र सहा बर्थ कन्फर्म असताना ते पदाधिकाऱ्यांच्या ओळखीच्यांना गेले असतील, तर तक्रार शंभर टक्के खरी आहे. तीही तशीच लिहा.

इथे रॉय कीनचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2002 च्या वर्ल्ड कपआधी आयर्लंडची टीम सायपान बेटावर उतरली, तेव्हा सरावाचं मैदान कडक होतं आणि सामान वेळेत पोहोचलेलं नव्हतं. कर्णधार कीन वर्तमानपत्राला मुलाखत देऊन उघड बोलला, टीमच्या बैठकीत मॅनेजर मिक मॅकार्थीशी त्याचं जोरदार वाजलं आणि त्याला स्पर्धेआधीच घरी जावं लागलं. त्यानंतर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या अहवालात नियोजनातल्या त्रुटी मान्य झाल्या. म्हणजे तक्रार खरी होती. पण अहवालाने बैठकीतले शब्द परत घेतले गेले नाहीत. मॅकार्थीने पद सोडल्यावर, 2004 मध्ये कीन पुन्हा देशासाठी खेळला. 2006 मध्ये त्याला मॅनेजर म्हणून संडरलंड या इंग्लिश क्लबला आणलं ते तिथला अध्यक्ष नायल क्विनने, जो सायपानच्या टीममध्ये होता. आणि 2007 मध्ये बार्न्सलीच्या सामन्याला निघताना याच कीनने उशिरा आलेल्या तीन खेळाडूंना मागे ठेवून बस सोडली. तुमच्या वहीतही तक्रारीसाठी एक पान आणि स्वतःच्या वागण्यासाठी दुसरं पान असू द्या. एका पानावरचा मजकूर दुसऱ्याने खोडला जात नाही.

अपमानाचा ढीग सर्वांत कठीण, कारण त्यात शब्द मोजावे लागतात. 27 सप्टेंबर 2011 ला म्युनिकमधल्या सामन्यानंतर मँचेस्टर सिटीचे मॅनेजर मांचिनी म्हणाले, बेंचवरचा आपला खेळाडू तेवेझ याने मैदानात उतरायला नकार दिला. तेवेझचं म्हणणं, गोंधळ पुन्हा वॉर्म-अप करण्यावरून झाला. बाहेरून एकच दिसणाऱ्या या दोन गोष्टींत फार अंतर आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये तेवेझने माफी मागितली आणि 21 मार्चला चेल्सीविरुद्ध बदली म्हणून उतरून विजयी गोलचा पास दिला. तुमच्या प्रसंगातही नेमका कोणता शब्द होता, कशाला नकार होता, तेवढंच लिहा. आवाज चढला होता का, तिथे कोण ऐकत होतं, हेही लिहा. पोरांसमोर झालेला अपमान बंद खोलीतल्यापेक्षा जास्त बोचतो, आणि तो तसा बोचणं रास्त आहे.

आता त्या मॅनेजरची किंवा प्रशिक्षकाची भेट. निवड चाचणी तोंडावर असताना जाऊ नका. हेतू वेगळा वाटतो. यशवंत स्टेडियमवर सामन्याच्या गर्दीत तर मुळीच नको. आधी फोन: "सर, जुन्या एका गोष्टीवर अर्धा तास बोलायचं होतं. भांडायला नाही येत." एकटेच जा. साक्षीदार म्हणून जुना दोस्त नेला की समोरचाही आपला माणूस बोलावतो.

बोलताना स्वतःचं पान आधी वाचा आणि तिथे थांबा. "सर, सगळ्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं." पूर्णविराम. या वाक्याला 'पण' जोडला की माफी संपते आणि जुनं भांडण सुरू होतं. नंतर दुसरं वाक्य, प्रश्न म्हणून: "त्या दिवशी यादी कशी ठरली होती, ते समजून घ्यायचं आहे." समोरून "तू मग तेव्हाच काहून नाही विचारलं?" असं आलं तर चिडू नका. बहुतेकदा तिथूनच खरी माहिती निघते: पैसे कुठे अडकले होते, नाव कुणी सुचवलं, वरून काय सांगितलं गेलं. मान्य करून घेण्याच्या आग्रहाने गेलात तर हात हलवत परत याल. त्याच रात्री वहीत नवी माहिती लिहा आणि जे मत बदललं असेल त्यासमोर तारीख टाका. ग्रुपवर मात्र काही टाकू नका; दोघांतल्या बोलण्याला तिथे लगेच दोन पार्ट्या पडतात.

काही वादांत नजर बदलण्याची गरजच नसते. दुखापत माहीत असताना इंजेक्शन देऊन उतरवलं, डोक्याला मार लागूनही बाहेर काढलं नाही, पैशासाठी खोट्या सह्या घेतल्या, अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन झालं, अशी प्रकरणं वही आणि चहावर मिटवायची नसतात. लैंगिक गैरवर्तन असेल आणि मूल 18 च्या खालचं असेल तर पॉक्सो कायदा लागतो आणि गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा ठरतो. तिथे थेट पोलीस आणि वकील. बाकीच्या प्रकरणांत समोरच्याने भेट नाकारली तर एक छोटं पत्र पाठवा, त्यात स्वतःच्या वागण्याबद्दलचं वाक्य आणि तो एक प्रश्न एवढंच असू द्या. उत्तर आलं नाही तर पत्राची प्रत वहीत लावून ठेवा.