इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचे शिक्षण घ्यायचे असेल, तर आधी प्रयोगशाळा पाहा

दहावीनंतर या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील विद्यार्थ्यांपुढे दोन सरळ वाटा आहेत: आयटीआयमधील दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा ट्रेड किंवा तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका. आयटीआयनंतर पदविकेच्या आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्यामुळे आयटीआयला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२३ मध्ये चिपनिर्मितीच्या पदविकेसाठी आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. तो आपल्या महाविद्यालयात शिकवला जातो का, याची चौकशी अवश्य करावी.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मात्र प्रयोगशाळा स्वतः पाहावी. सर्किट बोर्डावर सोल्डर पेस्ट (भाग जोडणाऱ्या मिश्रधातूचा लगदा) छापणारे यंत्र, सुटे भाग बसवणारे पिक-अँड-प्लेस यंत्र आणि ती पेस्ट वितळवून भाग पक्के करणारे रिफ्लो ओव्हन आहे का, आणि असल्यास त्यावर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हात चालवू देतात की ते केवळ दाखवण्यापुरते आहे, हे वरच्या वर्गातील मुलांना विचारावे; माझ्या मते याच उत्तरावर निवड ठरावी. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि ओव्हनमध्ये बोर्डाचे तापमान २४५ अंशांच्या आसपास न्यावे लागते, हे पुस्तकात वाचता येते. पण तापमानाचा आलेख बिघडला की सांधा कसा निस्तेज आणि खरखरीत दिसतो, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे शिक्षण अधिकच मोलाचे ठरते. शीतकपाटातून काढलेला पेस्टचा डबा खोलीच्या तापमानाला येण्याआधीच उघडला, तर दमट हवेतील बाष्प पेस्टवर साचते आणि मग ओव्हनमध्ये सोल्डरचे बारीक गोळे उडतात. ओलावा शोषलेली चिप तापवताना आतून तडकू शकते, म्हणून ती आधी मंद उष्णतेत सुकवावी लागते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय बोर्डाला हात न लावण्याची सवयही पहिल्या वर्षापासूनच लागायला हवी, कारण स्थिर विजेने झालेली इजा पुष्कळदा चाचणीतही सापडत नाही.

शेवटच्या वर्षाला असतानाच अप्रेंटिसशिपच्या शासकीय पोर्टलवर नोंदणी करावी आणि दिघ्यापासून महापे, तुर्भेमार्गे पसरलेल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांकडे अर्ज करावेत. बोर्ड स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरवणारे आयपीसी-ए-६१० हे मानक तोवर नीट वाचून ठेवावे आणि मुलाखतीला जाताना स्वतः जोडलेला एखादा बोर्ड सोबत न्यावा; त्यातला दोष कोणता होता आणि तो कसा शोधला, हे सांगता आले पाहिजे.