गाडीचं वायरिंग तपासताना या चुका टाळा

टेस्टर लावला की तोही त्या सर्किटचा भाग होतो. तो किती करंट ओढतो याचा विचार केला नाही, तर मूळ फॉल्ट राहतो बाजूला आणि नवाच तयार होतो.

5 वॉट बल्बचा टेस्ट लॅम्प 12 व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर ओढतो. हॉर्न, हेडलाइट, फ्यूज यांना तो उत्तम. सेन्सरच्या 5 व्होल्टच्या लाइनवर मात्र त्याने ईसीयू, म्हणजे गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर, जळू शकतो. तिथे डिजिटल मल्टिमीटरच लावा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर ओहमवरचा मीटरही नको. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या बॅटरीतून करंट सोडतो आणि तेवढ्याने एअरबॅग फुटू शकते.

सर्वात जास्त फसवणूक होते ती कनेक्टर काढून व्होल्टेज मोजल्यावर. हेडलाइट मंद आहे, मीटर 12.6 दाखवतो, म्हणून वायर चांगली ठरते आणि बल्ब बदलला जातो. पण वायरीत एकच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो करंट जवळपास ओढतच नाही. कनेक्टर जागेवर ठेवा, लाइट चालू करा आणि मीटर डीसी व्होल्टवर घ्या. लाल प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या प्लसवर, काळा बल्बच्या प्लस पिनला मागच्या बाजूने. मग अर्थ (मायनस) बाजू: लाल बल्बच्या अर्थ पिनवर, काळा बॅटरीच्या मायनस खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. प्लस बाजूला 0.3 आणि अर्थ बाजूला 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर एकेक जोड तपासत सरका. ज्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज सापडेल, तोच खराब. बहुधा तो बॉडीवरचा अर्थचा बोल्ट निघतो, खाली रंग किंवा गंज असलेला. सोडवून पत्रा चकचकीत घासा, मगच आवळा.

करंट मोजून झाला की लाल वायर मीटरच्या 10 अँपिअरच्या भोकातून लगेच काढा. ती तशीच ठेवून बॅटरीवर प्रोब टेकवले तर थेट शॉर्ट होतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या हाय व्होल्टेजच्या केशरी केबलला प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

वायरीला सुई टोचू नका. त्या बारीक भोकातून पाणी शिरतं, तांब्यावर हिरवा कीट चढतो आणि काही महिन्यांनी वायर आतून तुटते. जाड प्रोब फीमेल (पोकळ) पिनमध्येही खुपसू नका. पिन फाकते आणि गाडी खड्ड्यात आदळली की कनेक्शन जातं-येतं. कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवा. टोचावंच लागलं, तर भोक लगेच सीलंटने बुजवा.