लोगनची पत्रं वाचताना

एमएच्या प्रबंधासाठी मी जेम्स लोगन हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा क्वेकर कारभारी निवडला, तेव्हा क्वेकर, म्हणजे त्या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा माणूस, भांडणतंट्यापासून चार हात लांब राहतो, एवढीच माझी समजूत होती. या विषयात नव्याने शिरणाऱ्यांनी ती आधीच बाजूला ठेवावी.

मला पहिली ठेच लागली ती तारखांची. महिन्यांची रूढ नावं मूर्तिपूजकांच्या देवदेवतांवरून आलेली, म्हणून क्वेकर मंडळी महिन्यांना नुसते आकडे देत. मी 'पहिला महिना' म्हणजे जानेवारी धरून पत्रं क्रमाने लावली. पण 1752 पूर्वी इंग्रजी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं आणि पहिला महिना होता मार्च! गुढीपाडवा पाळणाऱ्या घरातल्या मुलीला हे सुचू नये? सगळी टिपणं पुन्हा लावली.

लोगन आयर्लंडमधल्या लर्गनचा, जन्म 1674. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याचा सचिव म्हणून 1699 मध्ये तो फिलाडेल्फियाला आला. पेन 1701 मध्ये इंग्लंडला परतला आणि जमिनी, खंडवसुली, राजकारण सगळं याच्या गळ्यात पडलं. पुढे तो महापौर, मुख्य न्यायाधीश आणि 1736 ते 1738 हंगामी गव्हर्नरही झाला.

क्वेकरांना शपथ घेणं निषिद्ध. मग साक्ष कशी द्यायची, पद कसं स्वीकारायचं? शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगणं चालेल का, यावर पेनसिल्व्हेनियात वर्षानुवर्षं घोळ चालला. हा धागा सोडू नका; कारभारातल्या कितीतरी तंट्यांचं मूळ इथे सापडतं.

युद्धाचा प्रश्न त्याहून अवघड. 1741 मध्ये लोगनने आपल्याच पंथाच्या वार्षिक सभेला लिहिलं, की बचावासाठीही शस्त्र नको असं मानणाऱ्यांनी विधानसभेत जाऊ नये. मला तो इथे प्रामाणिक वाटतो. पण 1737 चा जमीनव्यवहार वाचला की मन खट्टू होतं. एका जुन्या दस्ताचा आधार घेऊन दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन घ्यायची होती. वाट आधीच साफ करून ठेवली, चपळ माणसं भाड्याने लावली आणि लेनापी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची प्रचंड भूमी गेली. त्यामागे लोगन होता. त्याच्या स्टेंटन या घरी गुलामही होते.

अशा वेळी नुसती पत्रं पुरत नाहीत, त्यांत तो स्वतःचीच बाजू मांडतो. पेनसिल्व्हेनियाच्या प्रांतिक मंडळाची, म्हणजे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाची, इतिवृत्तं छापलेली आहेत. त्याच आठवड्याची नोंद शेजारी उघडून ठेवा, आणि महिना मोजताना मार्चपासून मोजा.