‘वजनामुळे’ हा शब्द कसा तपासावा : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आरोग्याविषयी वाचणाऱ्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठी

आरोग्यविषयक इंग्रजी बातम्यांवरून मराठीत लिहिताना एक वाक्य फार सहज उतरते : ‘अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण सर्वाधिक असल्यामुळे त्यांच्यात बाळंतपणाशी संबंधित मृत्यूही अधिक आहेत.’ वाक्याच्या पहिल्या भागाला आकडेवारीचा आधार आहे. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत तेथील प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ५६.९ टक्के स्त्रियांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, ३० किंवा त्याहून अधिक, म्हणजे लठ्ठपणाच्या पातळीवर आढळला. दुसरा भागही खरा आहे. खोट आहे ती मधल्या ‘असल्यामुळे’ या शब्दात, कारण तो लिहिणाऱ्याने स्वतःच्या समजुतीतून घातलेला असतो.

जाडेपणाचा तिरस्कार आणि कृष्णवर्णीयांविषयीचा वंशद्वेष हे दोन पूर्वग्रह नेमके या शब्दापाशी एकमेकांना मिळतात. जाड माणूस आपल्या आजाराला स्वतःच जबाबदार असतो, हा पहिला; कृष्णवर्णीयांचे शरीर मुळातच वेगळे आणि बेशिस्त असते, हा दुसरा. दोन्ही एकत्र आले की रुग्णाला नेमके काय झाले याचा शोध थांबतो, आणि तो थांबल्याचे वाचकाला कळतही नाही. असा मजकूर वाचणाऱ्यांसाठी, त्याचा अनुवाद करणाऱ्यांसाठी, तसेच अमेरिकेतील रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी तपासणीची एक पद्धत येथे मांडत आहे.

मोजपट्टी कोणाच्या शरीरावरून घेतली, ते आधी पाहावे

बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. हे सूत्र बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडले. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे संख्येत पकडायचे होते. एखाद्या रुग्णाची प्रकृती ठरवणे हा त्यामागील हेतू नव्हता. पुढे अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांनी आपल्या विमाधारकांच्या नोंदींवरून, म्हणजे मुख्यतः विमा परवडणाऱ्या गोऱ्या लोकांच्या नोंदींवरून, उंची आणि वजनाचे तक्ते तयार केले, आणि डॉक्टर ते ‘आदर्श वजन’ म्हणून वापरू लागले. १९७२ साली अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांच्या मोजमापांवरून केतलेंच्या सूत्राला बीएमआय हे नाव दिले. त्या अभ्यासात एकही स्त्री नव्हती. १९९८ साली अमेरिकेने ‘जादा वजना’ची सीमा पुरुषांसाठी २७.८ वरून आणि स्त्रियांसाठी २७.३ वरून २५ वर आणली, तेव्हा दोन कोटींहून अधिक लोक अंगावर एक ग्रॅमही न चढता ‘जादा वजनाचे’ ठरले.

ही मोजपट्टी सर्वांना सारखी लागू पडत नाही, याचा एक ठळक पुरावा पुण्यातून आलेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के. आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी चाचणी बीएमआय २३ पासूनच करावी, अशी शिफारस अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०१५ साली केली. म्हणजे ज्या पट्टीने आपल्या माणसांचा धोका कमी दाखवला, त्याच पट्टीवर कृष्णवर्णीयांचे शरीर ‘बिघडलेले’ ठरवले गेले. येथे एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक वंशाचे शरीर जन्मतःच निराळे असते, असा निष्कर्ष यातून काढू नये. याज्ञिक यांच्या संशोधनाचा मोठा भाग गर्भावस्थेतील पोषणाविषयी, म्हणजे आईला काय खायला मिळाले याविषयी आहे.

त्या शरीराविषयीचा निवाडा केव्हा झाला, तेही पाहावे

मजकुरात ‘अतिरिक्त’, ‘अनियंत्रित’, ‘प्रचंड’ अशी विशेषणे आली की ती कोठून आली असावीत, याचा विचार करावा. बीएमआयचा जन्म होण्यापूर्वीच युरोपने कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीराविषयी निकाल देऊन टाकला होता. सारा बार्टमन ही दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई समाजाची तरुणी १८१० साली लंडनला नेली गेली आणि तिचे नितंब पाहण्यासाठी लोकांकडून पैसे घेतले गेले. १८१४ साली तिला पॅरिसला हलवण्यात आले. पुढच्याच वर्षी ती मरण पावली. त्यानंतर शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी तिचे शवविच्छेदन केले, आणि तिचा सांगाडा व शरीराचा साचा पॅरिसच्या संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत प्रदर्शनात राहिला. नेल्सन मंडेला यांनी मागणी केल्यानंतर २००२ साली तिचे अवशेष मायदेशी परतले आणि ९ ऑगस्ट रोजी हँकी या गावी तिचे दफन झाले. एका स्त्रीची शरीरयष्टी ‘विज्ञाना’च्या नावाखाली वंशाचा पुरावा म्हणून मांडली गेली, ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत जड वाटते, म्हणून ती टाळून पुढे जाऊ नये, असे मी प्रत्येक अनुवादकाला सांगेन.

विम्याच्या व्यवहारातही हाच निवाडा शिरला. प्रुडेन्शियल या कंपनीने १८८१ साली कृष्णवर्णीय विमाधारकांना तेवढ्याच हप्त्यासाठी एक तृतीयांश कमी रक्कम देण्याचे धोरण आणले, आणि कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ साली कृष्णवर्णीयांचा वाढता मृत्युदर त्यांच्या वंशगुणांमुळेच आहे, असे प्रतिपादन केले. घरे, मजुरी, सांडपाणी यांचा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला. तो हिशेब मांडण्याचे काम कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना करावे लागले.

वजन क्षणभर बाजूला ठेवून काय उरते, ते पाहावे

ही या पद्धतीतील सर्वांत उपयोगी पायरी आहे. वाक्यातून वजनाचा उल्लेख काढावा आणि घटना जशी घडली तशी लिहून पाहावी.

१७ जुलै २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात पोलिसांनी एरिक गार्नर यांचा गळा आवळून त्यांना जमिनीवर पालथे दाबले. ‘मला श्वास घेता येत नाही’ असे ते अकरा वेळा म्हणाले आणि त्यांचा मृत्यू झाला. वैद्यकीय परीक्षकांनी मान आणि छाती दाबली जाणे व पालथे पाडून जखडणे हे मृत्यूचे कारण नोंदवले आणि तो मनुष्यवध ठरवला. दमा, स्थूलता आणि उच्च रक्तदाबाचा हृदयविकार यांची नोंद हातभार लावणारे घटक म्हणून केली. तरीही ते इतके लठ्ठ नसते आणि त्यांना दमा नसता तर ते वाचले असते, असे अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याने जाहीरपणे सांगितले. त्या विधानातून वजन काढले की गळ्याभोवतीचा हात उरतो. जाड माणसाचा गळा आवळला तर दोष गळ्याच्या मालकाचा, असा युक्तिवाद शांतपणे ऐकून घेतला जातो, कारण मरणारा कृष्णवर्णीय आहे आणि जाडही आहे.

उलट बाजूने तपासायचे असेल तर सेरेना विल्यम्स यांचे उदाहरण घ्यावे. २०१७ साली बाळंतपणानंतर त्यांना धाप लागली. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास असल्याने सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारे औषध हवे, असे त्यांनी स्वतः सांगितले, तरी औषधांमुळे त्या गोंधळल्या असाव्यात असे परिचारिकेला वाटले, आणि आधी पायांची सोनोग्राफी झाली. स्कॅन केल्यावर फुफ्फुसांत गुठळ्या दिसल्या. जगातील सर्वांत कसलेल्या खेळाडूंपैकी एकीवर ही वेळ येते, तेव्हा केवळ वजनाचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही, हे उघड आहे.

मिशिगन विद्यापीठाच्या अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ पासून मांडलेली कल्पना येथे कामी येते : सततचा अपमान, असुरक्षितता आणि कष्ट यांनी शरीर झिजते, ऊन-पावसाने दगड झिजावा तसे, आणि म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांचे आरोग्य तरुण वयातच खालावू लागते. मजकुरात वजनाचा उल्लेख असेल आणि या झिजेचा नसेल, तर तो अपुरा समजावा.

एकाच रुग्णापुढे किती दारे बंद होतात, ते मोजावे

दोन्ही पूर्वग्रह मनात असतात तसेच सूत्रांत आणि उपकरणांतही असतात. मूत्रपिंडाचे उदाहरण घेऊ. मूत्रपिंडे किती काम करतात, हे रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून काढलेल्या ईजीएफआर या आकड्याने ठरते, आणि तो २० किंवा त्याहून कमी झाला की अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतील काळ मोजला जाऊ लागतो. २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणले जाई. म्हणजे गोऱ्या रुग्णासाठी १८ येणारे उत्तर तेच वय, तेच लिंग आणि तेच रक्त असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णासाठी जवळजवळ २१ होई. पहिल्याचा काळ सुरू होई, दुसऱ्याला थांबावे लागे. वाट पाहून तो यादीपर्यंत पोहोचलाच, तर अनेक केंद्रांत बीएमआय ३५ किंवा ४० ची मर्यादा त्याच्यासमोर उभी असे. पहिले दार वंशाने बंद केले, दुसरे वजनाने, आणि कागदावर दोन्ही निर्णय निव्वळ गणिती दिसले. तो वंशगुणक २०२१ साली काढण्यात आला, आणि २०२३ पासून कृष्णवर्णीय रुग्णांचा बुडालेला प्रतीक्षाकाळ भरून देण्याचे काम सुरू झाले. वजनाच्या मर्यादा मात्र अनेक ठिकाणी कायम आहेत.

प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्यांनी दोन साध्या वस्तूंकडे लक्ष द्यावे. रक्तदाबाचा पट्टा दंडाला लहान पडत असेल तर दाब खोटाच जास्त दिसतो. सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्या लोकांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचा दाब सरासरी १९.५ ने जास्त आला, असे २०२३ च्या एका अभ्यासात दिसले. दुसरी वस्तू कोविडपासून घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर. तो ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातील खरा ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. जाड आणि कृष्णवर्णीय रुग्णाच्या बाबतीत म्हणूनच एक उपकरण नसलेला आजार दाखवू शकते आणि दुसरे असलेला लपवू शकते. मोठा पट्टा आधीच खोलीत ठेवावा, रुग्णासमोर शोधाशोध करू नये; आणि लक्षणे व ऑक्सिमीटर यांचा मेळ बसत नसेल तर धमनीतील रक्त तपासावे. ‘वजन कमी करा’ असे लिहून देण्यापूर्वी, हीच तक्रार घेऊन सडपातळ गोरा रुग्ण आला असता तर कोणत्या चाचण्या सांगितल्या असत्या, त्या कागदावर लिहाव्यात आणि त्याच कराव्यात.

शब्द निवडताना

मराठीत ‘लठ्ठ’ या शब्दाला हिणवण्याचा वास आहे, ‘स्थूल’ हा दवाखान्यातला शब्द आहे, आणि ‘जाड’ हा रोजचा. आजाराच्या निदानाविषयी लिहिताना ‘स्थूलता’ वापरावा; माणसाच्या आकाराविषयी लिहिताना ‘जाड’ हा सरळ शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, विशेषतः ती व्यक्ती स्वतःला तसे म्हणवून घेत असेल तेव्हा. कल्याणकारी मदतीच्या हक्कासाठी लढणाऱ्या जॉनी टिलमन यांनी १९७२ साली आपण स्त्री, कृष्णवर्णीय, गरीब, जाड, मध्यमवयीन आणि सरकारी मदतीवर जगणारी आहोत, असे एका दमात लिहिले होते. यांपैकी एक असाल तर माणूस म्हणून तुमची किंमत कमी होते आणि सगळे असाल तर तुम्ही मोजणीतच नसता, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी निवडलेला ‘जाड’ शब्द अनुवादात सौम्य करणे म्हणजे त्यांचे म्हणणे बदलणे होय. जुन्या मराठी लेखनातील ‘निग्रो’ आणि ‘हबशी’ हे शब्द मात्र अवतरणाबाहेर वापरू नयेत.

दुसऱ्या टोकाला जाणेही टाळावे. वजनाचा आणि मधुमेह, सांधे, झोपेतील श्वास यांचा संबंध आहे, आणि बीएमआय सदोष आहे म्हणून कृष्णवर्णीय रुग्णाला साखरेची चाचणी किंवा वजन कमी करणारी नवी औषधे नाकारणे हाही अन्यायच ठरेल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जून २०२३ मध्ये बीएमआयच्या वंशभेदी वापराचा इतिहास मान्य करून तो इतर मोजमापांबरोबरच वापरावा असे सांगितले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने केवळ बीएमआयवरून निदान करू नये, कमरेचा घेर आणि अवयवांवर झालेला प्रत्यक्ष परिणाम पाहावा, असे सुचवले.

आता सुरुवातीचे वाक्य पुन्हा लिहून पाहू : ‘२०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांसाठी हे प्रमाण १४.५ होते. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्येही हे मृत्यू शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक असल्याचे २०१९ च्या सरकारी अहवालात दिसले, आणि २०१७ ते २०१९ या काळातील गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी दर पाचांत चारांहून अधिक टाळता येण्याजोगे होते, असे मृत्यूंची छाननी करणाऱ्या समित्यांना आढळले.’ वजनाची माहिती द्यायची असेल तर ती स्वतंत्र वाक्यात द्यावी, आणि संबंधित अभ्यासाने कार्यकारणसंबंध खरोखर तपासला असेल तरच ‘मुळे’ लिहावे.