ऑर्थो ऑन्कोलॉजीत यायचंय? आधी बायोप्सी नीट शिका

एमएस ऑर्थो करणारी बरीच पोरं विचारतात, ऑर्थो ऑन्को, म्हणजे हाडांच्या कॅन्सरची सर्जरी, घेऊ का, आणि बहुतेकांच्या डोक्यात मेगाप्रोस्थेसिसची, म्हणजे काढलेल्या हाडाच्या जागी मोठा कृत्रिम भाग बसवायची, मोठी सर्जरी असते. ती आहेच, पण पाय वाचणार की नाही हे बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच, बायोप्सीत, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढताना, ठरतं.

टिपिकल केस सांगतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, गुडघ्याच्या वर सूज, रात्री ठणकतं, घरचे म्हणतात खेळताना मार लागला, मधे कुणीतरी मालिशपण करून दिलेलं असतं. एक्सरेत मांडीच्या हाडाचं खालचं टोक खाल्लेलं दिसतं आणि कडेने नवीन हाड उभं राहिलेलं, ही ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या एका कॅन्सरची, ठरलेली जागा. इथे लगेच सुई घालायची किंवा पू समजून चिरा द्यायची घाई होते. अजिबात नको. आधी पूर्ण हाडाचा एमआरआय, कारण त्याच हाडात वर अजून एक गाठ असू शकते आणि बायोप्सीनंतर केला तर रक्त साचून चित्र बिघडतं. छातीचा सीटी पण हवाच. मग बायोप्सी, आणि ती पुढे जो ऑपरेशन करणार त्यानेच करावी, निदान त्याला विचारून तरी. सुई गेली ती वाट दूषित झाली असं धरतात आणि ती ट्यूमरसोबतच काढावी लागते, म्हणून ती पुढच्या चिऱ्याच्या रेषेत, सांध्यात न शिरता, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून लांब हवी. हाडांच्या ट्यूमरचे अमेरिकन सर्जन मॅनकिन यांनी 1982 मध्ये बायोप्सीतल्या चुकांचा अभ्यास मांडला, 1996 मध्ये परत केला, तेव्हाही फारसा फरक पडला नव्हता. हे वाचून मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

रिपोर्ट आला की जॉइंट क्लिनिक, म्हणजे सगळे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. ऑस्टिओसार्कोमात सहसा आधी किमो, मग सर्जरी, परत किमो, आणि काढलेल्या हाडात 90 टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या असतील तर किमो चांगली लागू पडली म्हणायची. युइंग्ज हा हाडाचा दुसरा कॅन्सर रेडिएशनला दाद देतो, नेहमीच्या काँड्रोसार्कोमावर, म्हणजे कूर्चेच्या कॅन्सरवर, मात्र किमो फारशी चालत नाही, तिथे सगळी भिस्त सर्जनवर. हाड काढल्यावर प्रोस्थेसिस, किंवा तेच हाड शरीराबाहेर 50 ग्रे (रेडिएशनचं माप) रेडिएशन देऊन परत बसवणं, लहान मुलांत रोटेशनप्लास्टी, ज्यात घोटा उलटा फिरवून गुडघ्याचं काम करतो. आईवडिलांना हे समजावताना वेळ द्या, फोटो दाखवा, जमलं तर असं ऑपरेशन झालेल्या मुलाशी भेट घालून द्या.

आणि मेटास्टेसिस, म्हणजे दुसऱ्या अवयवातून हाडात पसरलेला कॅन्सर, विसरू नका, मोठ्या माणसांत हाडातल्या गाठी जास्त करून स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी, थायरॉइड इथून आलेल्या असतात. पण एकच गाठ आणि आधी कॅन्सर झालेला नसेल तर बायोप्सीशिवाय नेल, म्हणजे हाडाच्या आतून घालायचा धातूचा दांडा, टाकू नका, सार्कोमा, म्हणजे हाडाचाच कॅन्सर, निघाला तर पूर्ण हाडभर पसरवून बसाल.

रस्ता म्हणाल तर एमएस किंवा डीएनबी ऑर्थो, मग फेलोशिप, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जिथे केसेस भरपूर बघायला मिळतात. रेसिडेन्सीतच पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्टजवळ जाऊन बसायला लागा, स्लाइड आणि एक्सरे शेजारी ठेवून बघा. आणि पहिल्या दिवसापासून सोशल वर्करशी ओळख ठेवा, महात्मा फुले योजनेचे कागद वेळेत लागले तर किमो मधेच सोडून गावी निघून जाणारी घरं थांबतात.