कयाकमधून बासची मासेमारी: रॉड, आमिष आणि तंत्र कसे निवडावे

अमेरिकेतील मासेमारीच्या दुकानात बास या गोड्या पाण्यातील माशासाठी म्हणून जे रॉड (गळाच्या काठ्या) ओळीने लावलेले असतात, ते बहुतेक सगळे रुंद बोटीच्या सपाट पृष्ठभागावर उभे राहून गळ टाकणाऱ्या माणसाला समोर ठेवून बनवलेले असतात. कयाक नावाच्या छोट्या होडीत मात्र माणूस पाण्यापासून जेमतेम फूटभर उंचीवर, पाय पुढे पसरून बसलेला असतो, त्याच्या छातीवर लाइफ जॅकेट असते, हातांना वल्ह्याचे काम असते आणि त्याच्याखालची होडी इतकी हलकी असते की दीड-दोन किलोचा मासाही तिचे तोंड फिरवू शकतो. म्हणून ‘बाससाठी कोणता रॉड चांगला’ या प्रश्नाआधी ‘बसल्या जागेवरून कोणता रॉड नीट चालतो’ हा प्रश्न विचारावा. पुढची जवळजवळ सगळी निवड त्यातून ठरत जाते.

येथे बास म्हणजे मुख्यतः लार्जमाउथ बास, आणि पाणी म्हणजे टेक्सासमधील लेक फोर्कसारखा जलाशय, असे धरून लिहितो. डॅलसच्या पूर्वेला असलेल्या या जलाशयात पाणी भरण्यापूर्वी जंगलाचा बराच भाग तसाच ठेवला होता, त्यामुळे आजही पाण्याखाली आणि पाण्याबाहेर वाळलेल्या खोडांची दाटी आहे. मोठ्या बोटींना ही खोडे धोक्याची वाटतात, तर काही इंच पाण्यावर तरंगणाऱ्या कयाकला त्यांच्यामधून आवाज न करता जाता येते. लार्जमाउथ पाठलाग करून थकणारा मासा नाही. तो खोडाच्या, पाणगवताच्या किंवा लाकडी धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. कोकणच्या खाडीत जिताडा गरवलेल्यांना ही सवय ओळखीची वाटेल, जरी या दोन माशांची कुळे अगदी वेगळी आहेत.

रॉडची लांबी निवडताना बसून मासेमारी करायची म्हणून आखूड रॉड घ्यावा, असे सहज वाटते. पण कयाकमध्ये तो अडचणीचा ठरतो. गळाला लागलेला मासा होडीखालून दुसऱ्या बाजूला गेला, तर रॉडचे टोक कयाकच्या नाकापुढून वळवून न्यावे लागते, आणि रॉड सहा फुटांचा असेल तर लाइन, म्हणजे गळाची दोरी, होडीच्या कडेवर घासून तुटण्याची भीती असते. त्यामुळे एकूण लांबी साधारण पावणेसात ते सव्वासात फूट असावी. आखूड असायला हवी ती मूठ. लाइन गुंडाळणाऱ्या रीलच्या मागचा दांडा लांब असेल, तर प्रत्येक फेकीत तो लाइफ जॅकेटला किंवा खुर्चीच्या पाठीला अडकतो. दुकानात उभे राहून रॉड हलवून पाहण्याऐवजी एखाद्या बुटक्या स्टुलावर बसावे, जमल्यास जॅकेट घालावे, आणि कोपर वाकवून रॉड धरल्यावर मुठीचे टोक कोपराच्या फार मागे जात नाही ना, ते पाहावे. ही तपासणी कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगते.

संख्येच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: तीन रॉड पुरतात, आणि नवख्याने दोनच न्यावेत. खुर्चीमागच्या क्रेटमध्ये पाच-सहा रॉड उभे केले की झाडांच्या फांद्यांखालून जाताना ते अडकतात आणि मागे फेकताना गळ त्यांच्यात गुंततो. पहिला रॉड सात फुटांचा, मीडियम हेवी ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे टोकाजवळच वाकणारा, बेटकास्टिंग रीलसह (रॉडच्या वर बसणारे, फेकताना ज्याचा स्पूल म्हणजे लाइनची रिळी फिरते असे रील) असावा. गवतात आणि खोडांत ओढायची आमिषे यावर चालतात. दुसरा मीडियम ताकदीचा स्पिनिंग रॉड (रील खालच्या बाजूला असणारा) हलक्या आमिषांसाठी ठेवावा. तिसरा घ्यायचाच असेल तर तो मॉडरेट ॲक्शनचा, अधिक खोलवर वाकणारा असावा, आणि त्यावर फक्त क्रँकबेट (ओढताना पाण्यात बुडी मारणारे, माशाच्या आकाराचे कडक आमिष) बांधावे. या तिसऱ्या रॉडचे पैसे हाताशी असतील, तर आधी हलके वल्हे घ्यावे, असे मी सुचवीन. मासेमारीच्या रुंद कयाकला साधारण २४० ते २६० सेंटिमीटर लांबीचे वल्हे लागते, आणि दिवसभरात ते रॉडपेक्षा किती तरी जास्त वेळा उचलावे लागते.

रीलविषयी थोडक्यात सांगता येईल. बेटकास्टिंग रील सुमारे ७:१ गिअर गुणोत्तराचे (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे) असावे, कारण मासा होडीकडे धावत आला किंवा होडीच माशाकडे ओढली गेली, तर ढिली पडलेली लाइन झपाट्याने गुंडाळावी लागते. वाऱ्यात बसून फेकताना या रीलच्या स्पूलवर लाइनचा गुंता होण्याचा संभव वाढतो. सवय नसेल तोवर ब्रेक थोडा घट्ट ठेवून अंतरावर पाणी सोडावे. लाइनमध्ये मात्र काटकसर नको. दाट गवतासाठी ३० ते ५० पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड (धागे विणून केलेली लाइन), उघड्या आणि स्वच्छ पाण्यासाठी १२ ते १५ पौंडांची फ्लुओरोकार्बन (एकाच प्लॅस्टिक तंतूची लाइन), आणि स्पिनिंग रीलवर १० ते १५ पौंडांची बारीक ब्रेड लावून तिच्या टोकाला आठ-दहा पौंडांच्या फ्लुओरोकार्बनचा पाच-सहा फुटांचा तुकडा, ही जुळणी बहुतेक ठिकाणी चालते. फ्लुओरोकार्बन पाण्यात बुडते, म्हणून पृष्ठभागावरच्या आमिषांना ते लावू नये.

ब्रेडचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. बोटीवर उभा असलेला माणूस पाय रोवून, कमरेतून वळून गळ रुतवतो. कयाकमध्ये पाय रोवायला जागा नसते आणि दिलेल्या झटक्यातला काही जोर होडी पुढे सरकण्यातच जातो. त्यात लाइनही ताणली जाणारी असेल, तर जाड तारेचा गळ माशाच्या जबड्यात शिरतच नाही. ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही. शिवाय झटका वर देण्याऐवजी आधी ढिली लाइन गुंडाळून घ्यावी आणि मग रॉड पाण्याला समांतर ठेवून बाजूला ओढावा. वर दिलेल्या जोरदार झटक्यात मासा सुटला, तर शिशासकट सगळे आमिष चेहऱ्याकडे येते.

आमिषांची निवडही याच हिशेबाने करावी. लवचिक प्लॅस्टिकचा लांब किडा, ३/० किंवा ४/० आकाराचा रुंद वाकणाचा गळ आणि त्याच्यापुढे सुमारे सात ग्रॅमचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे, ही टेक्सास रिग नावाची जुळणी खोडांच्या जलाशयात सर्वांत भरवशाची आहे, कारण गळाचे टोक किड्याच्या अंगात दडवलेले असल्यामुळे ती क्वचितच अडकते. अडकलेले आमिष सोडवायला प्रत्येक वेळी खोडापर्यंत वल्हवत जावे लागले, तर तिथला मासा बिथरतो. तीच जुळणी शिशाशिवाय, जाड काडीसारख्या वजनदार किड्यासह टाकली की तो थरथरत सावकाश बुडतो. उथळ पाण्यात यासारखे दुसरे आमिष नाही, आणि नवख्याने सुरुवात याच्यापासूनच करावी. पाणी गढूळ किंवा वारा जास्त असेल तेव्हा १० ग्रॅमच्या आसपासचा स्पिनरबेट वापरावा, कारण त्याची फिरती पाती माशाला दिसण्याआधी जाणवतात. गवताने पृष्ठभाग झाकलेला असेल, तिथे पोकळ बेडूक (बेडकाच्या आकाराचे मऊ आमिष) ओढावा. मात्र माशाने झडप घातली की लगेच झटका न देता, त्याचे वजन रॉडवर जाणवेपर्यंत क्षणभर थांबावे.

क्रँकबेट आणि पृष्ठभागावरची काही लाकडी किंवा प्लॅस्टिकची आमिषे यांना तीन टोकांचे दोन गळ असतात. बारीक तारेचे हे गळ कमी जोरात रुततात, म्हणून बसून मासेमारी करणाऱ्याला ते सोयीचे आहेत. पण तडफडणारा बास आणि मोकळा राहिलेला दुसरा गळ हे दोन्ही मांडीवर येण्याचीही तीच वेळ असते. अशा आमिषाला लागलेला मासा कधीही हाताने उचलून मांडीवर घेऊ नये. रबराचा लेप असलेले, आखूड दांड्याचे जाळे, लांब चोचीचा पक्कड आणि गळाची तार कापणारे कटर हाताच्या अंतरावर असावे, आणि तिन्ही वस्तू दोरीने कयाकला बांधलेल्या असाव्यात. काट्याचे उलटे टोक पकडीने दाबून टाकले, तर मासे थोडे जास्त सुटतात, पण स्वतःच्या बोटात रुतलेला गळ काढणे पुष्कळ सोपे होते.

तंत्राचा निम्मा भाग वाऱ्याशी जुळवून घेण्याचा आहे. वल्ह्याच्या कयाकमध्ये वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन तिथून वाहत यावे, हे साधे गणित आहे. परंतु वाहताना आमिष थेट पुढे फेकले, तर होडी त्याच्याकडेच सरकते, लाइन ढिली पडते आणि माशाने घेतलेला चावा कळत नाही. म्हणून आडवे किंवा तिरके फेकावे. वेग जास्त वाटल्यास पाण्यात छत्रीसारखे फुगणारे ड्रिफ्ट सॉक मागे सोडावे. पायडलच्या कयाकमध्ये उलट पद्धत बरी पडते: नाक वाऱ्याकडे ठेवून हळूहळू पायडल मारत एकाच जागी राहता येते आणि हात मोकळे असतात. उथळ चिखलात नांगरापेक्षा तळात रोवायचा खांब बिनआवाजी असतो. वाहत्या नदीत मात्र नांगराची दोरी होडीच्या कुशीला कधीही बांधू नये. प्रवाहाचा जोर आडव्या होडीवर येऊन ती क्षणात उलटू शकते. दोरी नाकावर किंवा शेपटीवर नेता येईल अशी अँकर ट्रॉली बसवावी आणि दोरी कापायला सुरी जवळ ठेवावी.

वसंतात पाणी ६० अंश फॅरेनहाइटच्या पुढे तापू लागले की बास अंडी घालण्यासाठी उथळ, कडक तळाच्या जागी येतात, आणि कयाकसाठी हाच सर्वांत सोयीचा काळ असतो. याच दिवसांत हवा उबदार आणि पाणी थंड असते, ही गोष्ट विसरली जाते. कपडे हवेला नव्हे, पाण्याला पाहून घालावेत, आणि लाइफ जॅकेट खुर्चीमागे न ठेवता अंगावर घालावे. पाण्यात पडल्यावर एकट्याने कयाकवर परत चढण्याचा सराव उन्हाळ्यात, किनाऱ्याजवळ, रॉड घरी ठेवून करावा. टेक्सासमध्ये १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना मासेमारीचा परवाना बहुतेक सार्वजनिक पाण्यावर लागतो. मोटार नसलेल्या कयाकची नोंदणी करावी लागत नाही, पण छोटी विजेची मोटार लावली की करावी लागते.

मासा जाळ्यात आल्यावर जाळे पाण्यातच ठेवून गळ काढावा, मग हात आणि मोजपट्टी ओली करून मासा तिच्यावर ठेवावा. कयाकच्या स्पर्धांमध्ये वजनाऐवजी लांबी मोजतात आणि छायाचित्र घेऊन मासा तिथेच सोडतात. त्यासाठी तोंड मिटलेले आणि पट्टीच्या टोकाला टेकलेले असावे लागते. मोठा बास केवळ खालच्या जबड्याला धरून आडवा उचलू नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा. स्पर्धेत नसलो, तरी लेक फोर्कवर मोजपट्टी लागतेच: तिथे १६ ते २४ इंच लांबीचा लार्जमाउथ जवळ ठेवता येत नाही, मोजून लगेच सोडावा लागतो.